आगरातल्या उजेडासाठी रोल

आंजर्ले, ता. दापोली
श्रावण

चि. सोनूस,


यशिका-मॅट तुझ्या हाती आला, भिंगांवर बुरशी नाही आणि शटरही सगळ्या वेगांना नीट चालतं, हे वाचून फार बरं वाटलं. आता रोलाचं. तू सात-आठ नावं लिहून पाठवलीस आणि त्यांतला सर्वांत चांगला कोणता, असं विचारलंस. उत्तर आधी देते, कारणं मागून. इल्फर्डचा एचपी-५ प्लस, चारशेचा, एकशेवीसमध्ये. तोच घे, एकदम दहा घे, आणि ते संपेपर्यंत दुसऱ्या नावाकडे बघू नकोस.

हेच उत्तर मी पुण्यात दिव्यांखाली फोटो काढणाऱ्या कुणाला दिलं नसतं. तू गणपतीत इथे येणार, पडव्यांतली माणसं, आगरं, पाखाड्या, हर्णैचं बंदर असं तुझ्या मनात आहे, पुन्हा मार्चमध्ये कासवांसाठी येणार. म्हणजे तुझा उजेड कोणता ते ठरलेलं आहे. रोल उजेडावरून ठरवायचा असतो. मुंबईच्या डार्करूममध्ये इतरांच्या निगेटिव्हवरून प्रिंट करण्यात माझी बरीच वर्षं गेली. तिथे मी एक गोष्ट सतत पाहत आले. निगेटिव्ह वाया जाते ती बहुधा फिल्म हलकी होती म्हणून नाही. सावलीत काही उमटलेलंच नसतं, म्हणून जाते. जे निगेटिव्हवर नाही ते कागदावर आणता येत नाही.

तुझ्या यादीत मंद फिल्म जास्त आहेत. पॅन-एफ पन्नासची, टी-मॅक्स शंभरची, डेल्टा शंभरची. दाणा बारीक हवा, हे त्यामागचं कारण असणार. पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात ते खरं होतं. तिथली चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर. यशिकाची ५६ बाय ५६. क्षेत्रफळ साडेतीन पटींहून अधिक. बारा इंची चौकोनी प्रिंट करायची झाली तर लहान निगेटिव्ह जवळजवळ पावणेतेरा पट वाढवावी लागते, तुझी साडेपाच पटसुद्धा नाही. चारशेच्या फिल्मचा दाणा इतक्या वाढीला डोळ्यात खुपत नाही, उलट आकाशाला आणि गालांना थोडं अंग देतो. मोठ्या निगेटिव्हने हे जे देणं दिलं आहे ते वेगात खर्च कर. मंद फिल्म घालून पुन्हा दाण्याच्याच मागे लागलीस तर मोठा कॅमेरा गळ्यात अडकवून फिरण्याचा निम्मा फायदा गेला.

वेग का लागतो ते सांगते. तुझ्या भिंगाचं तोंड जास्तीत जास्त ३.५. ते पूर्ण उघडून दीड मीटरवरच्या माणसाचा फोटो घेतलास तर पुढेमागे मिळून जेमतेम चौदा सेंटिमीटर स्पष्ट येतं, एक वीतसुद्धा नाही. नाक स्पष्ट आणि कान धूसर. माणूस नीट यायचा तर ५.६ किंवा ८ वर यावं लागतं. आता भाद्रपदातल्या दुपारी पोफळींखाली उभी राहा. वर मळभ, त्याखाली माडाच्या झावळ्या, त्याखाली पोफळी, त्याखाली केळी आणि अननस. शंभरच्या फिल्मवर तिथे ४ ला एक-पंधरांश सेकंद येतो, म्हणजे हातात धरून अशक्य. चारशेवर त्याच जागी ४ ला एक-साठांश. तुझा ट्वीन लेन्सचा यशिका छातीशी टेकवून, गळ्यातला पट्टा ताणून धरलास तर एक-साठांश निभतो, कारण आत आरसा उडत नाही. दोन पायऱ्यांचा हा फरक म्हणजेच फोटो मिळणं आणि न मिळणं यांतला फरक. माजघरात तर चारशेसुद्धा अपुरा. तिथे तिवई लागेल, आणि माणसाला एक श्वास रोखून धरायला सांगावं लागेल.

आणखी एक, आणि हे बाहेरचा माणूस सांगणार नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आपल्या बाजूची आगरं आडवी झाली. माड मोडले, पोफळी तर रांगाच्या रांगा पडल्या. तोपर्यंत आगरातला उजेड सगळीकडे सारखा, हिरवा आणि थंड असे. त्यानंतर वरचं छप्पर ठिकठिकाणी फाटलं. नवी लागवड झाली आहे, ती वाढते आहे, पण पोफळ उभी राहायला वर्षं लागतात. आज आगरात उन्हाचे तुकडे थेट जमिनीवर पडतात, आणि त्यांच्या शेजारीच जुनी गडद सावली असते. ऊन पडलेलं केळीचं पान आणि गडग्याच्या बुडाची सावली यांत सात-आठ पायऱ्यांचं अंतर सहज पडतं. असं अंतर सोसणारी, चुकीचं मोजमाप पोटात घालणारी फिल्म इथे हवी. एचपी-५ तशी आहे. १९८९ पासून ती या रूपात मिळते, आणि तिचे पूर्वज १९३० च्या दशकापर्यंत मागे जातात. इतकी वर्षं बातमीदार आणि लग्नवाले तिच्यावर विसंबले ते याच गुणामुळे.

टी-मॅक्स आणि डेल्टा या चपट्या कणांच्या फिल्म. दिसायला देखण्या, दाणा बारीक, पण धुण्यात अर्ध्या मिनिटाचा किंवा एका अंशाचा फरक झाला तर लगेच दाखवतात. घरी बादलीत रोल धुणाऱ्या मुलीने त्या सध्या घेऊ नयेत, असं माझं मत आहे. ट्राय-एक्सशी माझं भांडण नाही. १९५४ पासून ती रोलमध्ये मिळते आहे आणि मोठमोठ्या लोकांनी तिच्यावर आयुष्यं काढली. ती जरा अधिक कडक काळे-पांढरे देते. ढगाळ दिवशी ते बरं दिसतं, पण फाटक्या उन्हाच्या आगरात मला एचपी-५ चा सौम्य उतार जास्त हवासा वाटतो. किंमतही बहुतेक वेळा कमी पडते, आणि दहा रोल घेताना ते बघावंच लागतं.

ऊन-सावली असेल त्या दिवशी मीटरवर चारशेऐवजी अडीचशे लाव आणि धुण्याचा वेळ पाचवा हिस्सा कमी कर. सावलीला जादा उजेड मिळतो, आणि उन्हाचा भाग निगेटिव्हवर दाट होऊन बंद होत नाही. मळभाच्या दिवशी चारशेच ठेव आणि पूर्ण वेळ धू. रोलात बाराच घरं आहेत, त्याचा इथे उपयोग होतो. एक रोल एकाच प्रकारच्या उजेडात संपवता येतो, म्हणजे सगळ्या रोलाला एकच धुणं लागू पडतं. छत्तीस घरांत ऊन, पाऊस आणि रात्र एकत्र येतात आणि मग कुणालाच न्याय मिळत नाही.

आता रंगाचं. कृष्णधवल फिल्म निवडताना सगळे दाण्याचं आणि वेगाचं बोलतात, कोकणात खरी अडचण लाल-हिरव्याची असते. आपल्याकडे चिरे लाल, पाखाडी लाल, माती लाल, आणि त्यावर सगळं हिरवं. डोळ्याला यापेक्षा मोठा विरोध नाही. पण फिल्मवर हे दोन्ही जवळजवळ एकाच करड्या छटेत येतात. जांभ्याचा गडगा आणि त्यामागचं आगर एकमेकांत विरघळून जातं, आणि मुलं म्हणतात, इतकं सुंदर होतं, फोटोत का आलं नाही?

याला मोठा इतिहास आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातल्या पहिल्या हिंदी छायाचित्रकारांपैकी एक. त्यांच्या काळच्या ओल्या काचांना फक्त निळा आणि जांभळा प्रकाश दिसे. हिरवं आणि लाल दोन्ही काळं पडे, आणि आकाश कोरं पांढरं. १८७३ मध्ये बर्लिनला हेरमान फोगेल यांना सापडलं की काचेवरच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर तिला हिरवंही दिसू लागतं. तरी लाल दिसायला पुढे बराच काळ जावा लागला. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला तेव्हाच्या सर्वसाधारण फिती लाल रंगाला आंधळ्या होत्या. सगळे रंग पाहणारी सिनेमाची फिल्म कोडॅकने नेहमीच्या विक्रीला आणली ती १९२२ च्या सुमारास.

म्हणून जुन्या घरांतल्या तसबिरी बघ. पणजीच्या कपाळावरचं कुंकू त्यांत ठसठशीत काळं असतं, ओठही काळपट. तेच कुंकू आजच्या फिल्मवर मध्यम करडं येतं, सावळ्या कपाळावर तर फिकं पडतं. आणि तू जर ढग उठावदार यावेत म्हणून लाल फिल्टर लावला असशील आणि तसाच ठेवून एखाद्या आजींचा फोटो घेतलास, तर कपाळावरचं कुंकू दिसेनासं होईल. त्या बाईंना तो फोटो दाखवायला नेशील तेव्हा त्यांना काय वाटेल, याचा विचार कर. कुंकू लावलेल्या बाईंचा फोटो काढताना लाल आणि नारिंगी फिल्टर कॅमेऱ्यावर नकोच. पिवळसर हिरवा लाव. कुंकू गडद होतं, चेहऱ्याची कांती नैसर्गिक राहते, मागची पानं हलकी होऊन चेहरा पुढे येतो.

त्याच नियमाने गडगा आणि आगर वेगळं कर. हिरव्या फिल्टरने पानं उजळतात, चिरे गडद होतात. नारिंगीने उलट, चिरे उजळ आणि आगर काळसर. यांत बरोबर-चूक नाही, पण फोटो कशाचा आहे हे आधी ठरवावं लागतं. पावसाळ्यात चिरे भिजून शेवाळलेले असतात, तेव्हा मी हिरवा लावते. ओला जांभा काळा आणि जड दिसावा, तसा तो असतोही. फाल्गुन-चैत्रात गवत वाळतं, धूळ बसते, तेव्हा नारिंगी. पिवळ्याला एक पायरी जास्त उजेड द्यायचा, हिरव्याला आणि नारिंगीला साधारण दीड ते दोन, लालला तीन. तुझा जुना मीटर ज्या पाऱ्याच्या सेलवर चाले ते आता मिळत नाहीत. फोनवरचा मीटर वापर, पण त्याला तुझ्या फिल्टरची खबर नसते, म्हणून या पायऱ्या तू स्वतः मिळवायच्या. ट्वीन लेन्सची एक सोय आहे. फिल्टर खालच्या भिंगावर बसतो, वरच्या भिंगातून तुला सगळं स्वच्छ दिसत राहतं.

कड्यावरच्या गणपतीचं देऊळ तुला घ्यायचं आहे. पांढरं देऊळ आणि मागे आकाश. ऑक्टोबरात निळं आकाश असलं की पिवळा किंवा नारिंगी लावून ते गडद करता येतं आणि देऊळ उठून दिसतं. पण भाद्रपदात आकाश करडं असतं, आणि करड्याला कोणताही फिल्टर गडद करू शकत नाही, कारण त्यात वेगळा करायला रंगच नसतो. त्या दिवशी आकाश सोडून दे. देवळाच्या मागे झाडं येतील अशी उभी राहा. गाभाऱ्यात कॅमेरा विचारल्याशिवाय नेऊ नकोस. नाही म्हटलं तर मूर्ती डोळ्यांनी बघ.

लालला आंधळी फिल्म आजही मिळते. इल्फर्डची ऑर्थो प्लस, ऐंशीची, एकशेवीसमध्ये. म्हाताऱ्या कोळ्याचा चेहरा, सुरकुत्या, जाळं, यांना ती विलक्षण शोभते, आणि लाल दिव्यात बघत बघत धुता येते. एकदा हात बसला की एखादा रोल वापरून बघ. पण तरुण मुलींचे चेहरे त्यावर घेऊ नकोस, प्रत्येक पुटकुळी दुप्पट दिसते.

या दहा रोलांखेरीज एक मात्र मी तुला वेगळा घेऊ देते, आणि तो पुळणीसाठी. सूर्य बुडाल्यावर ओहोटीची ओली वाळू, जोगच्या खाडीचं तोंड, उभ्या होड्या, यांना तिवईवर लांब उघडीप देऊन घ्यायचं असेल तर एफपी-४ प्लस, सव्वाशेचा. लांब उघडिपीत फिल्म सुस्त होते हे लक्षात ठेव. मीटर १० सेकंद म्हणाला तर एफपी-४ ला १८ द्यावे लागतात, ३० म्हणाला तर ७२. फुजीच्या अ‍ॅक्रॉस-२ ला मात्र १२० सेकंदांपर्यंत काहीच वाढवावं लागत नाही, हा तिचा खास गुण, पण दर वेळी ती सापडतेच असं नाही. चेकोस्लोव्हाकियाच्या काळापासून चालत आलेली फोमापॅन स्वस्त आहे म्हणून तुझ्या यादीत आहे. दिवसाच्या उजेडात जरूर वापर, पण संध्याकाळी नको. शंभरच्या फोमापॅनला १० सेकंदांचे ८० करावे लागतात. तोवर होड्या डुलून भरतीला निघून जातील.

भर दुपारच्या पुळणीवर चारशे फार वेगवान होईल, अशी तुझी शंका आहे. होत नाही. लख्ख उन्हात चारशेला १६ वर एक-पाचशेवा, आणि तुझं शटर तिथपर्यंत जातं. पिवळा लावलास तर ११ वर ये. भिंग तर ३२ पर्यंत बंद होतं.

हर्णैचा लिलाव संध्याकाळचा. होड्या लागतात, किनाऱ्यावर मासळीचे ढीग, मागे सुवर्णदुर्ग, आणि उजेड दर मिनिटाला उतरत जातो. तिथे एचपी-५ आठशेवर मोजून जास्त वेळ धू. धुण्याचं रसायन आयडी-११ मूळ ताकदीचं असेल तर वीस अंशांना साडेदहा मिनिटं. असं ओढल्याने उजळ भाग वर येतात, सावल्या काही येत नाहीत. म्हणून लिलावात चेहऱ्यावर दिवा पडलेला माणूस शोध, पापलेटांची चमक आपोआप येईल. आणि कोळणींना आधी विचार. त्या पोटापाण्याच्या घाईत असतात.

कासवांच्या वेळी नियम आणखी कडक. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात. ती समुद्राकडच्या उजळ क्षितिजाच्या रोखाने जातात, म्हणून फ्लॅश नाही, बॅटरीही नाही. वनखात्याची आणि गावची माणसं दोरी बांधतात, तिच्या अलीकडे राहा. पिल्लू तळहाताएवढंही नसतं, आणि तुझा कॅमेरा मीटरभरापेक्षा जवळचं स्पष्ट करत नाही. तेव्हा पिल्लाचा मोठा फोटो मिळणार नाही. दोरीला टेकलेली मुलं, त्यांचे चेहरे, वाळूवरच्या पावलांच्या रेघा, हे मिळेल, आणि ते मला जास्त मोलाचं वाटतं.

कुणाचं काम बघू, असं विचारलंस. दयानिता सिंग यांचं बघ. त्यांचं गोव्यात साळगावला घर होतं आणि त्यांचं पुष्कळ काम हॅसलब्लाडवरच्या चौकोनी कृष्णधवल फिल्मवर आहे. २०२२ साली त्यांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. ‘प्रायव्हसी’ या पुस्तकातली घरांची आतली दालनं नीट बघ, काळोखात किती छटा शिल्लक ठेवल्या आहेत ते मोज. आपल्या माजघरांसाठी यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही. आणि होमाई व्यारावाला. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकल्या, १९४२ मध्ये दिल्लीला गेल्या आणि रोलायफ्लेक्स घेऊन एका देशाचा जन्म टिपला. छातीशी धरलेल्या कॅमेऱ्यामुळे फोटो काढणारी व्यक्ती मान खाली घालते आणि समोरच्या माणसावर रोखलेलं काही राहत नाही. गावातली म्हातारी माणसं अशा कॅमेऱ्यापुढे मोकळी बसतात, हे तू स्वतः अनुभवशील.

धुण्याचं सांगते. आयडी-११ आणि डी-७६ एकच समज. पुड्या मिळाल्या नाहीत तर घरी कर. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. कोमट पाण्यात चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळल्यावर उरलेलं सल्फाइट आणि बाकीचं, याच क्रमाने. सगळं सल्फाइट आधी घातलंस तर मेटॉल विरघळत नाही. निम्मं पाणी घालून वापर, एकदाच वापरून टाकून दे. एचपी-५ ला वीस अंशांना १३ मिनिटं. आपल्याकडे वीस अंश फक्त पुस्तकात असतात. चोवीसवर आणलंस तर सुमारे ९ मिनिटं पुरतात. त्याहून वर जाऊ नकोस. वेळ पाच मिनिटांखाली आला की रोल डागाळतो. बर्फाचं पाणी भरलेली बादली घे, तीत बाटल्या बुडवून ठेव, आणि चित्र पक्कं करणाऱ्या हायपोपासून शेवटच्या पाण्यापर्यंत सगळं त्याच अंशावर ठेव.

मार्च-एप्रिलला आमच्या विहिरीचं पाणी खाली गेलेलं असतं, नळाखाली अर्धा तास रोल धरून चालायचं नाही. इल्फर्डने सांगितलेली रीत वापर. टाकी भरायची, पाच वेळा उलथी करून ओतायची. पुन्हा भरून दहा वेळा. पुन्हा भरून वीस वेळा. झालं. शेवटी बाटलीतल्या शुद्ध पाण्यात एक बुचकळी, नाहीतर विहिरीच्या पाण्याचे क्षार थेंबाथेंबाने निगेटिव्हवर वाळतात. वाळत घालायला न्हाणीघर बरं. अंघोळ होऊन वाफ बसलेली असली की धूळही बसलेली असते.

एकशेवीसच्या रोलामागे कागद असतो आणि कागदाला कोकण मानवत नाही. रोल फ्रिजमध्ये हवाबंद डब्यात ठेव, वापरायच्या आदल्या रात्री बाहेर काढ आणि खोलीइतका कोमट झाल्याशिवाय पाकीट फोडू नकोस, नाहीतर दव धरतं. भरताना आणि काढताना झाडाच्या सावलीत, निदान स्वतःच्या सावलीत. संपलेला रोल घट्ट गुंडाळून पट्टी चिकटव, पुन्हा डब्यात टाक, आणि आठवड्याच्या आत धू. पॅन-एफ यादीतून काढायला मी यासाठीही सांगते आहे. तिच्यावर टिपलेलं चित्र धुतलं नाही तर लवकर फिकं होत जातं, आणि इथून मुंबईला रोल पाठवायचा म्हटलं की दिवस जातातच. कॅमेऱ्याची पाठ उघडशील तेव्हा आतली दाबपट्टी १२ वर आहे ना ते बघ. तुझा यशिका दोन तऱ्हेचे रोल घेई, त्यातला दोनशेवीसचा आता सहसा मिळत नाही.

एकेकाळी हे सगळं आपल्या देशात होत असे. उटीला १९६० साली सरकारने हिंदुस्तान फोटो फिल्म्स काढली, ‘इंदू’ नावाची कृष्णधवल फिल्म तिथून येई. बडोद्यात बनलेला आग्फाचा क्लिक-थ्री घरोघर असे, त्यात हाच एकशेवीसचा रोल, हीच बारा घरं. उटीचा कारखाना बंद पडला, आणि आता आपण परदेशांतल्या मोजक्या कारखान्यांवर अवलंबून आहोत. एखाद्या महिन्यात दुकानात एकही रोल नसतो. म्हणून दहा एकदम घे म्हणाले, पाकिटावरचा तुकडी क्रमांकही एकच बघून घे. पाच नावांचे दोन-दोन रोल घेतलेस तर दहाव्या रोलानंतरही, निगेटिव्ह फिकी का आली, उजेडामुळे, धुण्यामुळे की फिल्ममुळे, हे तुला सांगता येणार नाही. एकाच फिल्मचे दहा रोल, म्हणजे एकशेवीस चौकटी. तेवढ्यात, पोफळीखाली उभं राहिल्यावर मीटर न बघताही तुझा हात आपोआप ४ वर आणि एक-साठांशावर जायला लागेल.

येताना हायपो आण, दापोलीत मिळेलच याची खात्री नाही. थर्मामीटर आण, माझा अर्धा अंश जास्त दाखवतो. पिवळसर हिरवा फिल्टर माझ्याकडे आहे, बायोनेट-१ मापाचा, तुझ्या कॅमेऱ्याला बसेल. मोदक तयार असतील, पण आरतीनंतर. दुपारी आगरात उजेड असतो तो तीन ते साडेचार, तेवढा वेळ मी कुणाला तुझ्या आड येऊ देणार नाही.

आई-बाबांस नमस्कार.

तुझी
आत्याआजी